अब्वोलीचं वाचन

१४ मार्च

सतरा झग्यांच्या कॉलर लावायच्या राहिल्या आहेत आणि आज दिवसभर मशीनवर कापडसुद्धा चढवलं नाही. पालक समितीचं पत्र लिहीत बसले होते. मी समितीची सेक्रेटरी. हुशारीमुळे नव्हे, अक्षरामुळे. चेअरमन अकीकी म्हणतात, "अद्येरी, तुझं अक्षर बघून शिक्षण ऑफिसातल्या साहेबांना वाटत असेल गावात कॉलेज आहे."

पत्र पहिलीच्या अमोटीबाईंविरुद्ध आहे. शाळा सुरू होऊन दीड महिना झाला, तरी बाईंनी मुलांना इंग्रजीचा एक शब्द शिकवलेला नाही. मुलं अंगणात राख पसरून बोटाने रेघोट्या ओढतात, घेवड्याच्या बिया मांडून अक्षरं करतात आणि तोंडाने आवाज काढत बसतात. तेही आमच्या रुटोरो बोलीत! वर बाई सांगतात, सरकारचाच नियम आहे, पहिली तीन वर्षं घरच्या भाषेतून शिकवायचं. घरची भाषा आम्ही घरी शिकवतोच की. त्यासाठी माझ्या सहा वर्षांच्या अब्वोलीला सकाळी उठवून, इस्त्रीचा झगा घालून कशाला धाडायचं?

कालच्या बैठकीत मी बाईंना तोंडावर विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "अद्येरी, कागदावरची खूण म्हणजे आपल्या तोंडातला आवाज, एवढं अब्वोलीला आधी कळू दे. मग ती कुठलीही भाषा वाचेल. मला एक वर्ष द्या."

"वर्ष? तोवर तिकडे फोर्ट पोर्टल शहरातल्या मुलांचं दुसरं पुस्तक संपतं, बाई."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

२१ मार्च

बाजारातून येताना अब्वोली पिठाच्या गिरणीपुढे थांबली आणि भिंतीवरचं लिहिलेलं वाचायला लागली. "ओ... ओ-बु... ओ-बु-रो." मग ओरडली, "आई, ओबुरो! नाचणी! इथे नाचणी लिहिलंय!"

गिरणीत नाचणी नाही तर काय सोनं दळणार? मागे चेअरमनची बायको उभी होती. बरोबर तिचा मुलगा, शहरातल्या खाजगी शाळेतला. तो तिथल्या तिथे इंग्रजी कविता म्हणून दाखवायला लागला, हातवारे करून, एका दमात. आणि आमची अजून ओबुरोवर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हाताला धरून ओढत घरी आणली. वाटेत दोनदा म्हणाली, "आई, अजून एक भिंत वाचू?"

३ एप्रिल

पत्रावर एकेचाळीस पालक. काहींच्या सह्या, बाकी अंगठे. पत्रात मी लिहिलंय, "आमच्या मुलांना खेडवळ ठेवण्याचा हा प्रकार आम्हाला मान्य नाही." वाक्य वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या.

जेवताना अरालीने विचारलं, "बाईंच्या नोकरीचं काय होईल?" नवरा चहाच्या मळ्याचा ट्रक चालवतो, सगळ्या जगाची काळजी यालाच. म्हटलं, मी फक्त लिहिलंय. निर्णय साहेबांचा.

११ मे

बाईंची बदली झाली. न्टोरोकोकडे, घाट उतरून खाली, तलावाजवळ. तिथे उन्हाने माणूस भाजून निघतं म्हणतात. सामान टेम्पोत चढवत होत्या तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडून गेले. हाक मारावी असं वाटलं, पण काय म्हणून मारणार? अब्वोली मात्र टेम्पोमागे चहाच्या वजनकाट्यापर्यंत पळत गेली आणि नाक लाल करून परत आली. मुलांचं काय, चार दिवसांत विसरतात.

२६ जून

नवे मास्तर म्हणजे चीज आहे! सॉलोमन नाव, टाय लावतात. राख बंद, बिया बंद. मास्तर फळ्याशी उभं राहून एक ओळ म्हणतात आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, पार माझ्या दुकानापर्यंत ऐकू येतं. इंग्रजीत. मी मशीन थांबवून ऐकत बसते.

अब्वोली घरी येऊन धडाच्या धडा म्हणते. "हे माझे बाबा. बाबा गाडी चालवतात. ही माझी आई. आई भाजी करते." मी म्हटलं, आई कपडे शिवते असं म्हण की. ती म्हणाली, "तसं नाही म्हणायचं. मग पुढचं आठवत नाही."

१९ नोव्हेंबर

आज शाळेत पालकांचा दिवस होता. सगळ्या पहिलीतून वाचायला निवडली ती माझी अब्वोली! माइकपुढे स्टुलावर उभी राहिली, हातात पुस्तक, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत खळखळ वाचत सुटली. कुठे अडखळणं नाही की अडणं नाही. मध्ये वाऱ्याने दोन पानं एकदम उलटली, तरी ही थांबली नाही. मास्तरांनी पुढे होऊन पान नीट केलं, तोवर ही दोन ओळी पुढे गेलेली! एवढी तयारी. चेअरमनची बायको माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे मुद्दाम बघितलं नाही.

सासरे तेवढे टाळ्या न वाजवता बसले होते. घरी येताना म्हणाले, "पोरगी ऐकते फार छान."

मी म्हटलं, "बाबा, ती ऐकत नव्हती, वाचत होती."

"हं," म्हणाले.

२ फेब्रुवारी

अब्वोली दुसरीत. मास्तरही वर्गाबरोबर वर गेले, जीव भांड्यात पडला.

१७ एप्रिल

सासऱ्यांशी वाजलं. ते आजारी आहेत, पाय सुजलेत, दिवसभर अंगणात चटईवर पडून असतात. त्यांनी अब्वोलीला आपलं रुटोरोतलं प्रार्थनेचं पुस्तक दिलं आणि वाच म्हणाले. ती म्हणाली, "शाळेत रुटोरो वाचत नाहीत, आजोबा." बरोबरच आहे. पण म्हातारा हट्टाला पेटला. "एक ओळ वाच. बरं, एक शब्द." ती पुस्तक टाकून पळाली ती गोठ्यात जाऊन बसली.

मला म्हणाले, "अद्येरी, हिला कधी न पाहिलेलं काहीतरी वाचायला दे. एकदाच."

म्हटलं, "बाबा, तुम्हाला इंग्रजी येत नाही, म्हणून तुम्हाला वाटतं तिला काही येत नाही." असं बोलायला नको होतं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यांना त्यांच्या धाकट्याची आठवण येते, राग दुसऱ्यावर निघतो. धाकटे दीर अट्वोकी सात वर्षांपूर्वी लग्नावरून भांडून गेले. त्यांच्या दोन मुलांची तोंडंसुद्धा म्हाताऱ्याने पाहिलेली नाहीत. हल्ली झोपेत त्याचं नाव घेतात, जागेपणी नाही.

८ जुलै

काल दुपारी सासरे गेले. जायच्या आधी अरालीचा हात धरून म्हणाले, "अट्वोकीला बोलवा. त्याची पोरं माझीच आहेत. सगळ्यांदेखत सांगा." अरालीने फोन केला. येतील की नाही, कळत नाही.

उद्या माती. नातवंडांच्या वतीने अब्वोली दोन शब्द वाचेल असं ठरलं. मी इंग्रजीत एक पान लिहिलं. आजोबा कसे होते, गाई कशा सांभाळायचे, आणि अब्वोली आणि तिची चार आतेभावंडं, अशा पाच नातवंडांची नावं. अब्वोलीला वाचायला दिलं तर म्हणाली, "आधी तू वाच ना आई, तुला कसं वाचलेलं हवंय तसं." मी वाचलं. पुन्हा म्हणाली, अजून एकदा. मग अजून एकदा. मग स्वतः घडाघडा वाचून दाखवलं. कामाच्या बाबतीत पोरगी अगदी माझ्यावर गेली आहे.

११ जुलै

परवाचं आज लिहिते. त्या दिवशी वही उघडायचं धाडस झालं नाही.

सकाळी मंडप घातला, केळीच्या बागेत खड्डा खणून झाला, आणि साडेदहाला अट्वोकी आले. बायको आणि दोन्ही मुलांना घेऊन. अराली त्यांच्या गळ्यात पडून रडला. म्हणाला, "बाबांनी तुझी पोरं आपली म्हटली रे शेवटी. आज सगळ्या गावासमोर त्यांची नावं वाचली जातील." अट्वोकींची बायको मला म्हणाली, "अद्येरी, खरंच ना? नाहीतर आम्ही बाहेरच थांबतो." म्हटलं, आत्ता लिहिते तुझ्यासमोर.

चुलीशेजारी बसून नवं पान लिहिलं. सात नातवंडं. त्या दोघांची नावं सगळ्यात आधी, आणि बाबांचे शेवटचे शब्द जसेच्या तसे. जुना कागद चुलीत टाकला. अब्वोलीला नवा दिला तर ती म्हणाली, "एकदा वाचून दाखव ना." चेअरमन माइकवरून हाका मारत होते. म्हटलं, "वेळ नाही गं, तुला काय अवघड आहे? जा."

ती उभी राहिली. कागद दोन्ही हातांत धरून, कागदावर नजर ठेवून. आणि तिने कालचं पान वाचलं.

अगदी कालचं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आम्ही पाच नातवंडं. पाच नावं. बाबांचे शेवटचे शब्द नाहीतच. मला आधी वाटलं, चुकून जुना कागद गेला. पण जुना तर मी माझ्या हाताने जाळला होता.

अट्वोकी उठले. मुलांना धरून खड्ड्यापर्यंत आले, माती न टाकताच अरालीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "कागदावरसुद्धा जागा नव्हती?" अराली म्हणाला, "अट्वोकी, थांब, काहीतरी चूक झाली." ते म्हणाले, "सात वर्षं हेच ऐकतोय." गेले. त्यांच्या बायकोने जाताना माझ्याकडे पाहिलं. तसं माझ्याकडे आजवर कुणी पाहिलेलं नाही.

मी अब्वोलीला केळीच्या बागेत ओढत नेलं. कागद तिच्यापुढे धरला. "पहिली ओळ वाच." ती कालची पहिली ओळ म्हणाली. "इथे बोट ठेवलंय ते वाच." ती पुन्हा पहिलीच ओळ म्हणाली. झाडाखाली मिठाचा रिकामा पुडा पडला होता. तो उचलून दिला. "हे वाच."

तिने पुड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि इंग्रजीत, शाळेच्या त्याच सुरात म्हणाली, "हे माझे बाबा. बाबा गाडी चालवतात."

१३ जुलै

सॉलोमन मास्तरांकडे गेले. भांडायच्या तयारीने गेले होते. ते वह्या तपासत होते, टाय खुर्चीला लटकवलेला. सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, माझ्याकडे ब्याऐंशी मुलं आहेत आणि नऊ पुस्तकं. अक्षर ओळखायला लावलं तर वर्षभर वर्ग गप्प दिसला असता. आधीच्या बाईंचं काय झालं ते मला इथे रुजू झालो त्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्हाला इंग्रजी ऐकायचं होतं. मी ऐकवलं."

"म्हणजे ब्याऐंशीतल्या एकालाही...?"

"दोघं-तिघं आपोआप शिकलीत," असं म्हणून ते पुन्हा वह्यांकडे वळले.

१५ जुलै

चेअरमनना सांगितलं. ते म्हणाले, "असं होय? मग लिही पत्र. घालवू या मास्तरालाही." मी म्हटलं, माझ्याच्याने होणार नाही. तर म्हणाले, "मग गप्प बस, अद्येरी. माझी पुतणी त्याच वर्गात आहे, परवाच सगळं पुस्तक म्हणून दाखवलं तिने. उगीच लोकांच्या मुलांना नावं ठेवू नकोस."

२९ जुलै

पंधरा दिवस मीच शिकवते आहे. जमत नाही. मी अक्षर सांगते, ती पाठ करते. क्रम बदलला की गाडी थांबते. मग माझ्या तोंडाकडे बघते, ओठ कसे हलतात ते. आज ओठ मिटून घेतले तर रडायला लागली. मी शिवणाची पट्टी तिच्या बोटांवर मारली. मारल्यावर ती म्हणाली, "सांग ना आई, काय म्हणायचंय? मी म्हणते." पट्टी टाकून मी आत गेले आणि रडले. मला शिवता येतं, मला लिहिता येतं, आणि पोटच्या पोरीला एक शब्द शिकवता येत नाही.

अराली हल्ली माझ्याशी कामापुरतं बोलतो.

२१ ऑगस्ट

अब्वोलीला घेऊन न्टोरोकोला जाऊन आले. घाट उतरलो तसा अंगाला चटका बसायला लागला. शाळा म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. अमोटीबाई काळ्या पडल्यात, केस पांढरे झालेत.

आमच्यात अनोळखी माणसालासुद्धा आधी त्याचं लाडाचं नाव विचारतात आणि त्याच नावाने नमस्कार करतात. बाईंनी मला अद्येरी म्हटलं नाही. "बसा, सेक्रेटरी," म्हणाल्या. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. अब्वोलीला मात्र जवळ ओढून म्हणाल्या, "अब्वोली, केवढी उंच झालीस गं!"

मी मिठाच्या पुड्यापर्यंत सगळं सांगितलं. मग म्हणाले, "बाई, ते पत्र समितीचं होतं. मी फक्त लिहिलं."

"माहीत आहे. ऑफिसात साहेबांनी दाखवलं मला. फार सुंदर अक्षर होतं."

बाईंनी जमिनीवरच्या धुळीत बोटाने एक अक्षर काढलं आणि अब्वोलीला विचारलं. तिला आलं नाही. दुसरं काढलं. तेही नाही. तिसऱ्याला ती फार वेळ बघत राहिली आणि अगदी बारीक आवाजात एक आवाज काढला. बरोबर होता! बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण मला म्हणाल्या, "तीन महिन्यांतलं थोडं उरलंय अजून."

घरी नेऊन उपयोग नाही म्हणतात. तिथल्या वर्गात बसली की पुन्हा सुरात सूर मिसळेल. इथे राहावं लागेल, त्यांच्या घरी, पहिलीच्या वर्गात, लहान मुलांबरोबर. नाताळापर्यंत. "आणि मध्ये न्यायला यायचं नाही," म्हणाल्या. "एकदा नेलीत तर ती परत यायची नाही, आणि आली तरी मनाने यायची नाही. हे तुमच्याने होणार असेल तरच ठेवा."

मी विचारलं, "तुम्ही का करता हे? माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी नाही," बाई म्हणाल्या.

९ सप्टेंबर

आज अब्वोलीला सोडून आले. रडेल असं वाटलं होतं, रडली नाही. बाईंच्या दारात उभी राहिली आणि मी गाडीत बसेपर्यंत माझ्याकडे बघत होती. झोपण्यापुरती एक खाट, एक खोका, दोन झगे. दोन्ही मीच शिवलेले, वाढत्या अंगाचे.

२३ सप्टेंबर

घरात आवाज नाही. शाळेतून दुपारी वर्गाचा एकसुरी आवाज येतो, मी खिडकी लावून घेते. गिऱ्हाईक विचारतात, पोरगी कुठे गेली. मी सांगते, आत्याकडे. अट्वोकींना अरालीने दोनदा फोन केला. त्यांनी उचलला नाही. कागद कसा चुकला ते कुणाला सांगावं तर पोरीची अब्रू जाते, न सांगावं तर भाऊ जातो. अरालीने पोरीची राखली.

२८ ऑक्टोबर

आज मासळीच्या गाडीबरोबर बाईंनी एक चिठ्ठी पाठवली. वहीचं अर्धं पान, त्याला माशांचा वास. बाईंचं अक्षर नव्हतं.

रुटोरोत होती. अक्षरं लहान-मोठी, काही ओळीखाली घसरलेली. मी दुकानात उभ्या उभ्या वाचली. मग खाली बसले आणि पुन्हा वाचली. अशी आहे:

"आई. इथली मुलं लहान आहेत. ती मला म्हातारी म्हणतात. ऊन फार आहे. बाई मारत नाहीत. मला रोज रडू येतं. मला घरी ने. मी सगळं पाठ करीन."

अराली आला तेव्हा कागद त्याच्या हातात दिला. त्याने वाचला. ट्रकच्या किल्ल्या परत उचलल्या. म्हणाला, "निघतो मी. अंधाराच्या आत घेऊन येतो."

मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "अराली, हे तिने स्वतः लिहिलंय. कुणी सांगितलेलं नाही, पाठ केलेलं नाही. एकेक शब्द तिच्या डोक्यातला आहे. बघ ना, एक अक्षरही चुकलेलं नाही."

"आणि काय लिहिलंय ते नाही बघितलंस?"

"बघितलं."

"तू पत्र लिहून ती बाई घालवलीस. माझा भाऊ गेला. आता पोरगी पण घालवतेस?"

मी दारातून हलले नाही. शेवटी तो मागच्या अंगणात जाऊन बसला. अजून तिथेच बसलाय, चहा नेला तो तसाच पडून आहे.

मी उत्तर लिहायला बसले. आजवर मी लिहिलेलं काहीच तिने स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं नाही, हे पहिलंच असेल. मोठी, सुटी अक्षरं काढली, सोपे शब्द घेतले. एकेक शब्दावर बोट ठेवून ती वाचेल, आवाज जुळवेल, आणि शेवटी तिला कळेल की आईने नाही म्हटलंय. चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं, "अब्वोली, तुझं पत्र वाचलं. नाताळापर्यंत मी येणार नाही. आई."

गाडी उद्या सकाळी परत जाते. चिठ्ठी ड्रायव्हरकडे देऊन आले.